काय निमित्त?

आपल्याकडे कुणी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला की हात नंतर जातो, प्रश्न आधी. "काय निमित्त?" नातू झाला, फ्लॅटचा ताबा मिळाला, गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, काहीही चालतं. पण "काही नाही, सहज आणलेत" असं उत्तर आलं की पेढा हातातच राहतो. सहज कुणी पेढे आणत नाही. काहीतरी लपवताहेत.

युरोपातल्या जुन्या बरोक संगीताचंही अगदी हेच आहे, हे मला लंडनला लेकीकडे दर उन्हाळ्यात तीन-चार महिने राहायला लागल्यापासून कळलं. तसा दोष माझाच. एका रविवारी वरणभात जेवताना मी म्हणालो, "बऱ्याच दिवसांत शास्त्रीय काही ऐकलं नाही." जावई माणूस तत्पर. त्याने तिथल्या तिथे फोनवर दोन तिकिटं काढली. ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती. "शास्त्रीयच आहे, बाबा." हे म्हणजे पाहुण्यांना भात आवडतो म्हणून त्यांना चिनी हॉटेलात नेण्यासारखं होतं. पण भात तर असतोच ना, म्हणून आम्ही दोघं गेलो.

तो कार्यक्रम मेणबत्त्यांच्या प्रकाशातला होता. तेच त्याचं निमित्त. आता लंडनला जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर आणि कार्यक्रम होता साडेसातचा. चर्चच्या रंगीत काचांतून लख्ख ऊन आत आलेलं आणि त्या उन्हात दीडशे मेणबत्त्या तेवताहेत. बारकाईने पाहिलं तर त्याही सेलवरच्या. आगीचे नियम. ही मला म्हणाली, "दिवाळीच्या माळा बऱ्या की." पण माणसं मान कलती करून, त्या अंधाराची कल्पना करून ऐकत होती. मग एक संथ, रडवेली रचना सुरू झाली आणि पुढच्या बाकावरच्या बाईंनी रुमाल काढला. बरोक काळातल्या आल्बिनोनीचं अदाज्जो. मलाही आवडलं, अगदी जुनं वाटलं. घरी येऊन शोधलं तर ते रेमो जाझोत्तो नावाच्या इटालियन पंडिताने १९५८ साली प्रसिद्ध केलेलं आहे. बरोक काळ साधारण १७५० ला संपला असं धरतात. माझा जन्म १९५५ चा. म्हणजे ज्या प्राचीन सुरांनी त्या बाई हेलावल्या, ते माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते आणि माझ्याकडे मात्र दोन तासांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

तिथून मला नाद लागला. संगीताचा लागला तो नंतर. आधी लागला निमित्तांचा.

बँकेत मी ३६ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ शाखाधिकारी म्हणून. रजेचे अर्ज माझ्याकडे यायचे. अर्जात कारणाचा एक रकाना असतो आणि त्यात 'प्रकृती अस्वास्थ्य' असं लिहायचं असतं. वानखेडेवर कसोटी सुरू झाली की आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांची प्रकृती एकाच दिवशी ढासळायची. मी सही करायचो. मला माहीत असायचं, मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असायचं, पण रकाना रिकामा ठेवून चालत नाही. बरोकवाल्यांच्या पत्रकांवर माझी पहिली नजर पडली तेव्हा मला थेट ते अर्ज आठवले. या मंडळींना मनातून एवढंच म्हणायचं असतं, की आम्ही पाच जण आहोत, आमच्याकडे दोन व्हायोलिन, एक चेलो, एक हार्प्सिकॉर्ड आणि एक थिऑर्बो आहे, जे सुंदर वाटतं ते वाजवू, या. पण असं लिहिलं तर कोण येणार? म्हणून कारणाचा रकाना भरतात.

आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चाललाय. तिथे गवई येतो, तंबोरे जुळतात, तो डोळे मिटतो आणि मग आपल्याला कळतं की आज पूरिया. कधीकधी त्यालाही ग्रीनरूममध्येच कळलेलं असतं. इकडे आठ-दहा महिने आधी पत्रक छापून येतं, त्यात कुठली रचना कितव्या मिनिटाला संपणार तेही ठरलेलं असतं. आणि वर शीर्षक. शीर्षकाला मध्ये दोन टिंबं लागतातच. टिंबांच्या अलीकडे काव्य, पलीकडे भूगोल. म्हणजे समजा, 'ज्वाला आणि अश्रू : सतराव्या शतकातलं व्हेनिस'. अलीकडचं वाचून बायका तिकीट काढतात, पलीकडचं वाचून नवरे हो म्हणतात. उगाच हसायला नको, विषयवार कार्यक्रम आपणही केलेत. कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा' केलं, 'गीत हेमंत' केलं, 'गीत वसंत' केलं. पण कुमार ऋतू आत घेऊन गायला बसायचे. इथे ऋतू पत्रकावर असतो आणि आत तेच.

तेच म्हणजे काय, तर फॉलिआ.

फॉलिआ हे मूळचं इबेरियातलं, म्हणजे पोर्तुगाल-स्पेनकडचं नाचाचं गाणं. अर्थ 'वेड'. सोळा मात्रांचं नव्हे, पण सोळा मापांचं एक आवर्तन आहे, त्यात ठरलेल्या सुरावटीवर पाहिजे तितकी रूपं रचत जायची. आपल्याकडच्या लहरा धरून ठेवण्यासारखंच. कोरेलीने १७०० साली रोममध्ये आपल्या सोनाटांचं पाचवं पुस्तक काढलं, त्यात शेवटी फॉलिआ. विवाल्डीने १७०५ मध्ये आपलं पहिलंच पुस्तक काढलं, त्यातही शेवटी फॉलिआ. जेमिनियानी हा कोरेलीचा शिष्य, त्याने गुरूचीच फॉलिआ मोठ्या ताफ्यासाठी पुन्हा मांडली. खुद्द बाखने १७४२ मध्ये शेतकऱ्यांवरच्या एका विनोदी कँटाटात तिला जागा दिली. थोडक्यात, त्या काळात ज्याच्या हाताला कागद लागला त्याने फॉलिआ लिहिली.

मी ती पहिल्यांदा ऐकली 'रोम' या निमित्ताने. अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा 'स्पेनचे वारे' या निमित्ताने. तिसऱ्यांदा 'नृत्य'. चौथ्यांदा 'गुरू आणि शिष्य', तेव्हा एकाच संध्याकाळी दोनदा. मग एक कार्यक्रम नुसता '१७००' या सालाचा होता, आणि ते साल आलं म्हटल्यावर मी हिला दारातच म्हणालो, "येणार." आली. बँकेची सवय. मी एक वही केली. तारीख, स्थळ, रचना, निमित्त. दुसऱ्या वर्षाअखेर हिशेब केला तर फॉलिआ सात वेळा आणि निमित्तं सहा. एकदा समुद्रावरच्या कार्यक्रमात ती नव्हती, तर मला चुकल्यासारखं झालं. पण शेवटी टाळ्या थांबेनात तेव्हा मंडळी परत आली आणि काय वाजवलं असेल? पोर्तुगीज जहाजं समुद्रावरूनच जात असणार.

'मित्र' हाही एक लाडका विषय. बाख आणि मित्र, हेंडेल आणि मित्र, विवाल्डी आणि मित्र. ही माणसं एकमेकांकडे चहाला जात असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात बाख आणि हेंडेल एकाच वर्षी, १६८५ मध्ये जर्मनीत जन्मले आणि आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. १७१९ साली हेंडेल गावी हॅलेला आलाय असं कळल्यावर बाख खास तिकडे गेला, तर हेंडेल नुकताच निघून गेलेला. आमच्या पुण्यातही असे मित्र असतात. खरी मैत्री होती ती हेंडेल आणि टेलेमानची. टेलेमानने १७३३ साली हँबुर्गमध्ये जेवणावळीत वाजवायच्या संगीताचा मोठा ग्रंथ छापला, तो आधी वर्गणी गोळा करून. दोनशेवर लोकांनी पावती फाडली आणि त्यांत लंडनहून हेंडेलचं नाव होतं. पुढे म्हातारपणी टेलेमानला बागेचा नाद लागला, तेव्हा १७५० मध्ये हेंडेलने त्याला लंडनहून पेटीभर रोपटी पाठवली. यावर मात्र अजून एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही. 'कुंड्या' या शब्दाला काव्य नाही.

वादकांची दया येते ती प्राण्यांच्या वेळी. विवाल्डीच्या 'वसंत'मध्ये मेंढपाळ झोपलेला असतो आणि शेजारी त्याचा कुत्रा भुंकतो. तो कुत्रा म्हणजे व्हिओला. सगळी मधली गत व्हायोलिन स्वप्नं पाहतंय आणि व्हिओलावाला दोनच सूर, भू भू, भू भू. पंधरा-वीस वर्षं रियाज करून. बीबरने १६६९ साली एका सोनाटात कोकीळ, बेडूक, कोंबडी, लावा आणि मांजर एकट्या व्हायोलिनला करायला लावलेत. मी ऐकलं त्या दिवशी व्हायोलिन वाजवणारी मुलगी फार गंभीर होती. बेडूक तिने खालमानेने वाजवला. मांजराच्या वेळी मागच्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडलं आणि तिचा चेहरा उजळला. अशी दाद अजून कुणाला मिळाली नसेल.

मात्र इथे मला माझा आक्षेप थोडा मागे घ्यावा लागतो. पत्रकवाल्यांना नावं ठेवावीत, तर रचनाकारच मुळात यातले. विवाल्डीने ते चार ऋतू १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले तेव्हा सोबत चार सुनीतं दिली, आणि कुत्रा कुठे, माश्या कुठे, दारुडा कुठे, हे सुरांच्या कागदावर लिहून ठेवलं. त्या पुस्तकात रचना एकूण बारा. उरलेल्या आठांना ऋतू मिळाले नाहीत, त्यांच्याकडे कोण बघतं? टेलेमानने तर गलिव्हरच्या प्रवासावर दोन व्हायोलिनांचा एक संच लिहिला. त्यात लिलिपुटच्या बुटक्यांचा नाच इतक्या बारीक स्वरचिन्हांत लिहिलाय की कागद काळा दिसतो, आणि राक्षसांचा नाच भल्यामोठ्या पोकळ चिन्हांत. ऐकणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही. विनोद फक्त डोळ्यांसाठी आहे, आणि तो फक्त दोघांसाठी. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि आम्ही सगळे, न कळलेल्या इंग्रजी विनोदाला हसतो तसे, उशिरा हसलो.

पाण्याच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो तेव्हा बाहेर पाऊस होता आणि चर्चचं छत एका जागी गळत होतं. तिथे एक बादली ठेवलेली. हेंडेलचं 'वॉटर म्युझिक' पहिल्यांदा वाजलं १७ जुलै १७१७ ला, टेम्स नदीत. पहिला जॉर्ज राजा एका नावेत, शेजारच्या नावेत पन्नासेक वाजवणारे. राजाला ते इतकं आवडलं की त्याने तीन वेळा वाजवायला लावलं. संगीत नाटकाला वन्स मोअर देणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा राजा जवळचा वाटला असता. आमच्याकडे पन्नासांऐवजी सहा जण होते. बजेट. पण बादली सातवी होती आणि तिची लय पक्की होती. हलक्या जागांना ती बरोबर समेवर पडायची.

या सगळ्यांत मला खराखुरा आनंद देणारी गोष्ट म्हणजे वाद्यं लावणं. आतड्याच्या तारा उकाड्यात, गारव्यात सारख्या उतरतात, म्हणून दर रचनेआधी पाच मिनिटं लावणं चालतं. थिऑर्बो हा ल्यूटचाच थोरला भाऊ, माणसाहून उंच आणि तारा चौदा. माटेसोन नावाच्या हँबुर्गकर समीक्षकाने त्याच काळात टोमणा मारलाय, की ल्यूटवाला ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ लावण्यात गेली असं समजावं. बाकीचे श्रोते या वेळात पत्रक वाचतात. मी तंबोऱ्यांच्या गावचा. एकदा षड्ज असा काही जुळला की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे, मग पत्रकाकडे पाहिलं. यात 'वा' कुठे लिहिलंय ते शोधत असावेत. पट्टीचीही एक गंमत आहे. हल्लीच्या वाद्यांचा धैवत ४४० कंपनांना, यांचा ४१५ ला, म्हणजे अर्धा सूर खाली. आपल्या पेटीच्या भाषेत, पांढरी सहा म्हणायचं आणि काळी चार वाजवायची. मी बऱ्याच शाखांत असा व्यवहार पाहिलाय.

निमित्तांचं हे खूळ लंडनमध्ये पूर्वी नव्हतं. याच शहरात जॉन बॅनिस्टर नावाच्या वादकाने १६७२ च्या डिसेंबरात आपल्या घरी पैसे घेऊन जाहीर मैफली सुरू केल्या. एक शिलिंग द्या, आत या आणि हवं ते वाजवायला सांगा. विषय नाही, टिंबं नाहीत, सरळ फर्माईश. आणि १६७८ पासून क्लार्कनवेलमध्ये टॉमस ब्रिटन हा कोळसेवाला. दिवसभर पाठीवर पोतं घेऊन गल्लोगल्ली कोळसा विकायचा आणि संध्याकाळी त्याच्या वखारीवरच्या माळ्यावर गाणंबजावणं. शिडीसारख्या अरुंद जिन्याने मोठमोठे सरदार आणि त्यांच्या बायका झगे सावरत वर चढायच्या. हेंडेलही तिथे वाजवून गेला म्हणतात. छत्तीस वर्षं त्या कोळसेवाल्याने हे चालवलं, माझ्या नोकरीइतकीच. कुणी त्याला "काय निमित्त?" विचारलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. मला त्या माळ्यावर जायला आवडलं असतं. गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर.

गेल्या वर्षी परत यायच्या आठवडाभर आधी लेकीने शेवटची तिकिटं काढली. विषय होता 'रोग आणि उपचार'. ही म्हणाली, "गाण्यालासुद्धा दवाखाना?" पण गेलो. पांढरा कोट घातलेला एक निवेदक होता. आपल्याकडच्या निवेदकांसारखाच, वाजवणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ त्याचा. मात्र हा कार्यक्रम मी ऐकलेल्यांत सगळ्यात चोख बांधलेला निघाला. सुरुवातीला फ्रेंच दरबारचा ल्युली. चौदाव्या लुईचं ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून १६८७ च्या जानेवारीत आभाराचं संगीत वाजवताना ल्युलीने ताल धरायची काठी स्वतःच्याच पायावर मारून घेतली. जखम चिघळली आणि मार्चमध्ये तो गेला. रोगी वाचला, बँडमास्तर गेला. मग कोळी चावल्यावर नाचून विष उतरवायचं, तो तारांतेल्ला. मग बाख आणि हेंडेल, अखेर एका खऱ्या नात्याने एकत्र: जॉन टेलर नावाच्या डोळ्यांच्या फिरत्या डॉक्टरने १७५० मध्ये बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, बाख त्याच जुलैत वारला; आणि पुढे हेंडेलच्या डोळ्यांवरही याच टेलरने हात चालवला असं सांगतात. जे भेटीने जमलं नाही ते मोतीबिंदूने जमलं.

आणि मग व्हिओला दा गांबा घेऊन एक बाई पुढे बसल्या. मारँ मारे, १७२५. रचनेचं नाव ऐकून मी ताठ झालो. मूतखड्याच्या ऑपरेशनचं चित्र. एकोणीस मुलांचा बाप असलेल्या या फ्रेंच दरबारी वादकाने सुरांच्या खाली एकेक पायरी लिहून ठेवलीय आणि ती मोठ्याने वाचायचीही पद्धत आहे. निवेदक वाचू लागला: शस्त्रक्रियेचा सरंजाम दिसतो. तो पाहून रोगी थरथरतो. गांबा थरथरली. हिने मला कोपराने ढोसलं. "अहो, तुमचंच चाललंय."

माझा २००९ चा. नऊ मिलिमीटर. माझा मूत्रपिंडात होता आणि मारेचा मूत्राशयात, पण वाडा एकच. मला भूल होती. १७२५ साली भूल नव्हती, रेशमी दोऱ्यांनी हातपाय बांधायचे. मनात गंभीर विचार आले, त्यांना खालचे सूर. दोऱ्या बांधल्या. छेद दिला. चिमटा आत गेला. माझे दोन्ही हात बाकाच्या कडेला घट्ट. खडा ओढला जातोय असं तो म्हणाला तेव्हा गांबाची एक तार अशी काही खरवडत वर गेली की मी सोळा वर्षांपूर्वीचं सगळं आठवून डोळे मिटले. पुढच्या बाकावरची मंडळी गालात हसत होती. त्यांना कधी झाला नसणार. आवाज जवळजवळ जातो. रक्त वाहतं. दोऱ्या सोडतात. बिछान्यावर नेतात. आणि लगेच, कुणी खिडकी उघडावी तशी, बरं वाटल्याची एक उड्या मारणारी चाल. त्या चालीला मात्र मी एकटा मनापासून मान हलवत होतो. कॅथेटर काढल्यावरचा आनंद इतका खरा कुणी लिहिलेला नाही. टाळ्यांत हिने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, त्या मारेला की मला, मी विचारलं नाही.

मग सगळी मंडळी पुढे येऊन उभी राहिली, निवेदकाने कोट झटकला आणि म्हणाला, शेवटचं आता याच मारेचं, १७०१ मधलं. गांबावालीने पहिले चार सूर काढले आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ही कशी काय आली?" ही कुजबुजली. "हे तर दवाखान्याचं ना?"

"वेड," मी म्हणालो. "वेडही रोगच."

बत्तीस रूपं वाजवली तिने. विसाव्यानंतर कधीतरी मी मोजायचं थांबलो, आणि तिसाव्याला ही डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरत होती, जो ती माझ्याबरोबर इतकी वर्षं मैफलींना येऊनही कधी धरत नाही. घरी आल्यावर लेकीने विचारलं, कसं झालं, तर ही म्हणाली, "शेवटचं फार छान होतं, नवीन होतं काहीतरी." मी गप्प बसलो, वर जाऊन वही उघडली. तारीख, स्थळ. रचना : फॉलिआ, आठवी वेळ. निमित्ताच्या रकान्यात लिहिलं, 'प्रकृती अस्वास्थ्य', आणि सवयीने खाली सही केली.